डाव्या कोपऱ्यातला टाका

कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी हबीबचाचा चपला काढत. यवतमाळच्या माझ्या नेट कॅफेत लोक बुटांसकट खुर्चीवर मांडी घालून बसत, आणि हे साठीचे गृहस्थ दारात चपला जोडीनं ठेवून अनवाणी चार नंबरच्या कॉम्प्युटरकडे जात. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "गादीवर चाललो ना भाऊ. गादीवर चपला घालून कोण जाते?"

ती गादी कॉम्प्युटरच्या आत होती.

चाचा पिंजारी. धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचे, कापूस पिंजून गाद्या भरायचे. ते कापसाच्या पडत्या भावाचे दिवस होते. जिनिंगच्या आवारात ढीग पडून होते, आणि दर आठवड्याला कुणी साहेब लाल दिव्याच्या गाडीतून येई, कापसाच्या भवितव्यावर बोले आणि हॉटेलातल्या फोमच्या गादीवर वामकुक्षी घेऊन परत जाई. गावाचंही तेच. लग्नात फोमच्या गाद्या द्यायची टूम निघाली होती. "कापसाच्या जिल्ह्यात लोकं स्पंजवर झोपून राह्यले," चाचा म्हणत, "अन् वरतून पाठ दुखते म्हणते." राग मलाही येई. पण माझ्याही घरी फोमच होता, त्यामुळे मी विषय बदले.

एकदा चाचा कारागीर ओळखपत्राचा फॉर्म भरायला आले. मी तेव्हा एका परदेशी कंपनीच्या आभासी जगात गुंतलो होतो. तिथे आपल्या नावाचा एक बाहुला असतो, तो हिंडतो, बोलतो, जागा भाड्यानं घेतो. कंपनीनं दिलेली फक्त जमीन आणि आभाळ. घरं, झाडं, कपडे, सगळं लोकांनीच बनवायचं आणि एकमेकांना विकायचं. माझ्या बाहुल्यानं घर बांधलं होतं. चाचांनी फॉर्म बाजूला सारला. "घर बांधलं, अन् गादी नाही?"

मी पलंगासारखी एक फळी दाखवली.

"याच्यावर मुडदा झोपते," चाचा म्हणाले.

माउस नीट धरायला त्यांना महिना लागला. गादी जमायला पावसाळा गेला. पण जमली ती काय सांगू. निळ्या पट्ट्यांचं कापड, लाल दोऱ्याचे टाके, आणि बाहुला बसला की बरोबर तेवढीच दबणारी. तिथेच जागा भाड्यानं घेऊन चाचांचं दुकान थाटलं. पहिली गादी माझ्यासाठी म्हणून केली होती, पण गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्यालाच दिली. पिंजणाचा आवाज आम्ही माइकवर घेऊन दुकानात सोडला. दारावर इंग्रजीत पाटी लावली, चपला बाहेर काढा. एकदा पाठीला पंख आणि गुडघ्यापर्यंत बूट असा कुणी परदेशी बाहुला आत शिरला. चाचांनी मला हाक मारली. "याले सांगा, पंख राहू दे, बूट काढ." मी सांगितलं. त्यानं काढले, आणि जाताना दोन गाद्या घेऊन गेला.

विक्री वाढली आणि तिथेच माशी शिंकली. एका सकाळी कंपनीनं स्वतःची गादी काढली. निळे पट्टे, लाल टाके, तेवढीच दबणारी. आणि सगळ्यांना फुकट. कुणाचं काय खपतं हे कंपनीला आपल्याआधी कळतं, कारण जमीन तिची आणि प्रत्येकाच्या गल्ल्याची दुसरी किल्लीही तिचीच. माझं डोकं फिरलं. मी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

चाचांचं एकच वाक्य होतं. "ज्यानं बाजार भरवला, त्यानं दुकान मांडू नये." तरुणपणी हेच त्यांनी आठवडी बाजाराच्या ठेकेदाराला ऐकवलं होतं. त्यानं फाटकाशीच गाद्यांचं दुकान थाटलं, तेव्हा चाचा त्याच्या दारात बसून दिवसभर पिंजत राहिले, त्याच्या सगळ्या मालावर कापसाचं तूस बसेपर्यंत. "तो निदान समोर तरी होता," ते म्हणाले. "याच्या दारात कुठं बसू?"

आम्ही पत्र लिहिलं. चाचा सांगत, मी इंग्रजी करी.

"लिहा, तुम्हाले लाज नाही."

मी लिहिलं, आम्हाला खेद वाटतो.

"काय लिहिलं?"

"लाज नाही."

उत्तर आलं की आपण आमच्या परिवाराचे मोलाचे सदस्य आहात आणि आनंदाची बातमी अशी की गादी आता सर्वांना मोफत आहे. दुसऱ्या पत्रालाही स्वल्पविरामासकट तेच उत्तर आलं. तिसऱ्या पत्रात मी लाजच लिहिली.

पण चाचांचा खरा राग भलत्याच गोष्टीवर होता. त्यांच्या गादीच्या डाव्या कोपऱ्यातला शेवटचा टाका वाकडा होता. कंपनीनं तो सरळ केला होता. "चोरली तर चोरली. टाका काहून सरळ केला?" आल्यावर हे, जाताना हे. तेवढ्यात नोटीस आली. तीन महिने विक्री नसलेलं दुकान हटवण्यात येईल. आता फुकटाच्या शेजारी विकत कोण घेणार? मी म्हटलं, रजया काढा, उशा काढा. चाचा ढिम्म. शेवटच्या दिवशी दुपारी माझा तोल गेला.

"दुकान हातचं चाललं, अन् तुम्ही एका टाक्याला धरून बसलात. चुकलेला टाका आहे तो, चाचा."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "चुकलेला नाही. तुमच्या चाचीचा आहे."

चाची जाऊन चार वर्षं झाली होती. गादी भरून झाली की शेवटचा टाका ती घाली. नजर अधू झाली तसा तो वाकडा जाऊ लागला.

"गिऱ्हाईक नावं ठेवते म्हणून मी उसवाचो, अन् सरळ घालाचो. तिले न सांगता. एक दिवस तिनं बोट फिरवून पाह्यलं. बोलली नाही काही. मंग टाका घालणंच सोडलं." त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "इथं म्या तिच्यासारखा वाकडाच घातला, एकही उसवला नाही. अन् यायनं..."

कंपनीला दिलेल्या शिव्या फार सौम्य होत्या असं मला वाटलं.

मी एक नंबरच्या कॉम्प्युटरवर बसलो. माझ्या बाहुल्याच्या घरात कंपनीची गादी होती. हो, मीही घेतली होती. फुकट ते पौष्टिक. ती काढून फेकली. बाहुल्याला चाचांच्या दुकानात नेलं, दारात त्याचे बूट काढले आणि गादी विकत घेतली.

"मेहरबानी करून राह्यले का?" चार नंबरवरून आवाज आला.

"नाही. पाठ दुखते."

चाचा उठून माझ्या खुर्चीमागे आले. मी घरात गादी अंथरत होतो. ते वाकून बघत राहिले.

"टाका उशाकडे ठेवजा, भाऊ," ते म्हणाले. "पायाकडे नको."