मरळीवरील मोहिमेची हकीकत

श्री जलदेवता कृपावंत असो. ऐकणारांचा दोर ताणलेला आणि गळ ओला राहो. शके सोळाशें ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सरीं, कार्तिक मासीं एका राज्यांत ऐसें वर्तमान जाहलें कीं, राज्याच्या उत्तर सरहद्दीस एक थोर तळें होतें, त्याचा अलीकडला कांठ महाराजांचा आणि पलीकडला कांठ शेजारच्या राज्याच्या उदाबाईसाहेबांचा, आणि मधलें पाणी कोणाचें हा निवाडा कैक पिढ्या होत नव्हता. मग दोहींकडील फौजा कांठावर येऊन बसल्या, आणि बसून बसून कंटाळल्या, आणि घोड्यांनीं आसपासचें गवत खाऊन संपविलें, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं मध्यें पडून ठरविलें कीं, रक्तपात कशास करावा, उभयतांनीं स्वहस्तें गळ टाकावा, सूर्यास्तापावेतों जो अधिक थोर मरळ मासा काढील त्याचें तळें, आणि हरेल त्यानें पाणी मागून न्यावें. त्या तळ्यांत कमळांच्या बेटाखालीं एक मरळ अशी थोर होती कीं, ती श्वासास वर आली म्हणजे धोबी कपडे सोडून पळत.

हें ऐकून दरबारीं बहुत संतोष जाहला, कारण महाराजांचा गळकारखाना सर्वत्र नांवाजलेला. महाराजांस मासे धरण्याची हौस आहे ऐसें लोक म्हणत, परंतु खरें पाहतां हौस होती ती मासे धरण्याच्या सामानाची. पितळेच्या भिंगऱ्या, सागवानी मासोळ्या, चामड्याचे बेडूक, मोरपिसांचे किडे, शिशाच्या गोळ्या, वेताच्या सोनमुलामी काठ्या आणि दूरदेशींचे रेशमी दोर, ऐसें सर्व चंदनी पेट्यांत निजलेलें असे. त्या कारखान्याचे दरोगे यादोपंत. ते नित्य फडक्यानें एकेक नग पुसत, दोरांस तेलाचा हात लावीत, आणि पाण्याचा थेंब कोणास लागूं देत नसत. पाण्यानें रोगण जातें ऐसें ते म्हणत, आणि महाराजांस तें पटे. महाराज तिसरे प्रहरीं येत, एखादी मासोळी तळहातीं घेऊन न्याहाळीत आणि म्हणत, "यादोपंत, काय तो डोळा." यादोपंत म्हणत, "जिवंत, महाराज." इतकेंच संभाषण होई, आणि त्या इतक्यावर यादोपंतांचा संसार, मान आणि पालखी चालली होती. पंतांनीं स्वतः आयुष्यांत मासा धरिला नव्हता, आणि हें कोणीं विचारिलेंही नव्हतें.

आतां मोहिमेस कोणतें आमिष न्यावें याचा खल सुरू जाहला. सरदार हैबतराव मिशीस पीळ देऊन म्हणाले, मरळ बेडूक खावयास वर येते, सबब आमिष पाण्यावर नाचलें पाहिजे. अमात्य बहिरोपंत म्हणाले, कार्तिकांत ऊन चढलें कीं शहाणा मासा तळाशीं जातो, सबब आमिषास शिसें बांधिलें पाहिजे. दोघेही आपापल्या वेळीं खरेच होते, परंतु दरबारांत वेळ कोण पाहतो. मग दरबारांत वरपंथी आणि तळपंथी ऐसे दोन तट पडले, आणि वरपंथी तळपंथ्यांच्या पंक्तीस बसेनात, आणि एक जमलेली सोयरीक मोडली, कां तर नवरदेवाच्या मामांनीं बोलतां बोलतां शिशाची वाखाणणी केली. यादोपंत नोकरीनें हैबतरावांच्या छत्राखालीं, आणि सासुरवाडीनें बहिरोपंतांचे जांवई, त्यामुळें त्यांची स्थिति दोन्हीं टोंकांस गळ बांधिलेल्या दोरासारखी जाहली. घरीं जेवतां जेवतां पत्नी चिमाबाई म्हणत, "इकडून आमच्या वडिलांचें शिसें घेणें न जाहलें तर मी माहेरीं तोंड कसें दाखवूं?" आणि यादोपंत ताक ओढीत.

मग यादोपंतांनीं तोड काढिली कीं, एकच आमिष करावें, वर पिसें आणि खालीं शिसें, म्हणजे उभय पक्षांचें समाधान. त्यास ज्योतिषीबोवांनीं पिवळा रंग सुचविला, खासगीवाल्यांनीं घुंगूर बांधविले, आणि होतां होतां तें आमिष कोहळ्याएवढें जाहलें. वाड्याच्या हौदांत त्याची परीक्षा ठेविली, आणि हैबतरावांनीं स्वतः तें फिरवून फेंकिलें, तों तें पाण्यांत न जातां माघारीं वळलें आणि बहिरोपंतांची पगडी घेऊन हौदांत पडलें, आणि तेथें न बुडतां न तरंगतां आडवें होऊन राहिलें. बहिरोपंत उघड्या डोक्यानें म्हणाले, "शिसें कमी पडलें." हैबतराव म्हणाले, "पिसें कमी पडलीं." पगडी मात्र कोणीं काढिली नाहीं.

परंतु मोहीम जवळ आली तसा दरबाराचा वारा फिरला. प्रत्येकाच्या ध्यानीं आलें कीं, ज्याचें आमिष जाईल आणि मासा न लागेल, त्याच्या शिरीं तळें गेल्याचें खापर फुटेल. मग हैबतराव यादोपंतांस बाजूस घेऊन म्हणाले, "पंत, आमचा बेडूक आतां जुना जाहला, दुसरें कांहीं पाहा." बहिरोपंतांनीं सांगून पाठविलें कीं, शिशाविषयीं आपण केवळ सामान्य बोललों होतों. आणि मोहिमेच्या आदले दिवशीं सायंकाळीं चिमाबाई वाढतां वाढतां म्हणाल्या, "इकडून वडिलांचें शिसें घेणें होऊं नये." तेव्हां यादोपंतांचा हातचा घास हातीं राहिला, आणि आपण एकटे उरलों हें त्यांस कळलें.

दुसरे दिवशीं महाराज नावेंत बसले, समागमें यादोपंत आणि सर्व पेट्या, आणि कांठीं दरबार, नगारे आणि छत्र्या. पलीकडे उदाबाईसाहेब पदर खोचून एका धोंड्यावर बसल्या होत्या, हातीं साधी वेळूची काठी आणि दोरास चामड्याचा एक बेडूक. ऊन पसरलें न पसरलें तों त्यांनीं हातभर मरळ काढून टोपलींत टाकिली, आणि गवताच्या कडेस पुन्हां बेडूक सोडिला. महाराजांनीं विचारिलें, "यादोपंत, कोणतें बांधावें?"

"आज्ञा होईल तें, महाराज."

"आज्ञा आम्हांस ठाऊक असती तर तुम्हांस कशास पोसलें असतें?"

मग भिंगरी बांधिली, आणि कांठावरून कोणी खोंकला, म्हणून ती सोडिली. मग मोरपिसी किडा बांधिला, परंतु ढग आला, आणि ढगांत मोरपीस चालत नाहीं ऐसें महाराजांस आठवलें. मग शिसें, मग बेडूक, मग पुन्हां भिंगरी, ऐसें करतां करतां सूर्य माथ्यावर आला, आणि महाराजांचा गळ पाण्यांत राहिला असेल तो विडा चघळण्याइतकाही नव्हे. यादोपंतांचीं बोटें गांठी मारून आणि सोडून रक्ताळलीं. त्यांनीं पाहिलें कीं, महाराज पाण्याकडे पाहतच नाहींत, पेट्यांकडे पाहतात, आणि मुलाला खाऊच्या दुकानांत रडूं यावें तसें महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलें आहे. त्या क्षणीं दोरास एक सागवानी मासोळी होती, एकाच डोळ्याची, दुसरा डोळा कारागिराकडून रंगवावयाचा राहिला होता, आणि ती कोणत्याही पंथाची नव्हती. महाराजांनीं तीही सोडावयास हात लाविला. तेव्हां यादोपंत उठले, आणि ज्या पेट्या त्यांनीं लेकरांसारख्या पुसल्या होत्या त्या एकेक उचलून उघड्या तळ्यांत ओतल्या. कांठावर हाहाकार जाहला. शेवटची पेटी ओतून पंत खालीं बसले आणि म्हणाले, "आतां हीच आहे, महाराज. टाकावी."

महाराजांनीं रित्या पेट्यांकडे एकदां पाहिलें. मग त्यांनीं टाकिली. पहिल्यानें ती वेलींत अडकली, मग नावेच्या तळास लागली, मग हळूहळू हात बसला, आणि महाराज पाण्याकडे पाहूं लागले, आणि कमळाचें कोणतें पान वाऱ्यानें हलतें आणि कोणतें खालून हलतें हें त्यांस दिसूं लागलें. उन्हें कलतां त्या बेटाच्या कडेस मासोळी पडली, आणि पाणी फुटलें, आणि ती थोर मरळ लागली. नाव फिरली. काठी वाकेना, कारण ती मिरवावयाची होती. महाराज हंसत होते आणि ओरडत होते, "पंत, ओढते आहे. पंत, हिला जीव आहे." मरळ एकदां सबंध वर आली, काळी आणि लखलखीत, आणि परत खालीं गेली, आणि दोर तुटला. रेशीम दिसावयास नवें होतें, परंतु वर्षानुवर्षें तेल पिऊन आंतून कुजलें होतें. यादोपंतांनीं तुटलें टोंक हातीं घेतलें आणि त्यांस सर्व उमगलें, आणि मान वर करवेना.

सूर्य बुडाला आणि तळें उदाबाईसाहेबांचें जाहलें. त्या इतकेंच म्हणाल्या, "पाणी लागेल तेव्हां न्यावें. मात्र मागून न्यावें." इकडे दरबार भरला आणि बहिरोपंतांनीं निवाडा सांगितला कीं, मरळीनें राज्याची मासोळी ओठीं धारण केली, जैसीं ताबेदारानें सरकारी वस्त्रें धारण करावीं, सबब मरळ राज्याची चाकर जाहली आणि फत्ते महाराजांची. हैबतरावांनीं दुजोरा दिला, दोन्हीं पंथ गळ्यांत पडले, आणि साखर वांटली. मग राहिला यादोपंतांचा अपराध, कीं सरकारी कारखाना बुडविला. कोणी कैद सुचविली, कोणी हद्दपारी. महाराज म्हणाले, "ज्यानें बुडविला त्यानेंच शोधून काढावा. रोज नावेंत बसून शोधावा. आणि हा माणूस विश्वासाचा नव्हे, म्हणून देखरेखीस आम्ही स्वतः जाऊं." शिक्षा कडक आहे ऐसें सर्वांस वाटलें.

तेव्हांपासून रोज प्रातःकाळीं महाराज आणि यादोपंत उदाबाईसाहेबांची परवानगी मागून त्या तळ्यांत नाव घालूं लागले, समागमें सुती दोर आणि चामड्याचा एक बेडूक. पलीकडच्या धोंड्यावरून बाईसाहेब विचारीत, "सांपडलें कां सामान?" आणि महाराज दोरावरची नजर न काढितां म्हणत, "अद्याप नाहीं. शोध चालूं आहे."

ऐसी ही हकीकत. तळें गेलें, लौकिक राहिला, दरबार सुखी जाहला, आणि कारखान्याचा एकही नग आजतागायत वर आला नाहीं. इति.