सासऱ्यांवर फसलेलं रिप्लेस

मजकूर म्हणजे माझ्या हातचा मळ! फुशारकी मारत नाही, खरं तेच सांगतोय. खामगावात घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहितो. दिवसभर अक्षरांची काटछाट करायची, एवढंच माझं काम. पायथन नावाच्या भाषेत त्यासाठी अवजारं आयती मिळतात. ओळीच्या कडेची रिकामी जागा कापायची? स्ट्रिप! ओळ फोडायची? स्प्लिट! तुकडे सांधायचे? जॉइन! आणि एक शब्द काढून तिथे दुसरा बसवायचा असेल तर रिप्लेस! काही विकत आणायला नको, शेजाऱ्याकडे मागायला नको.

तर झालं असं, की माझ्या मेहुणीचं, अश्विनीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, एका रविवारी करायचं ठरलं. पिंपळगाव राजाच्या हिंमतरावांचा जीवन हा नवरा मुलगा. स्थळं बघून बघून सासऱ्यांच्या चपला झिजल्या होत्या, पण हे स्थळ असं जुळलं की अश्विनी दिवसभर गुणगुणत फिरायची. माझे सासरे उकंडराव वडनेर भोलजीला भाजीपाला पिकवतात. त्यांच्या वांग्यांपेक्षा त्यांच्या रागाला जास्त गावं ओळखतात.

त्याआधीच्या बुधवारी मी आणि बायको प्रतीक्षा सासुरवाडीला पोचलो, तर सासरे फोन हातात धरून हताश बसलेले.

"जवाईबापू, सोयरे पार वरवट बकालपर्यंत पसरले. फोन करू करू माहा गळा बसून राह्यला!"

"बाबा, तो फोन ठेवा खाली! मी सगळ्यांना एका झटक्यात व्हॉट्सॅपवर निमंत्रण पाठवतो. प्रत्येकाला त्याच्या नावासकट!"

"नावाले राव लागला पाह्यजे हं! नाईतर मांडवात तोंड फुगवून बसतेत."

"प्रोग्राम लावेल!"

सासऱ्यांनी माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं, की मी तिथेच विरघळलो. लॅपटॉप काढून ओसरीवर मांडी ठोकून बसलो. नवीन मजकूर कशाला लिहायचा? गेल्या वर्षी माझे आजोबा मोतीराम वारले, तेव्हा तेरवीचं निमंत्रण मी याच प्रोग्रामने पाठवलं होतं. सुरेख मजकूर होता. त्यातच चार शब्द बदलले की काम फत्ते!

'मोतीराम' काढून 'उकंडराव' बसवलं. आजोबांच्या गावाच्या जागी वडनेर भोलजी बसवलं. वार तेव्हाही रविवारच होता, तो तसाच ठेवला. आता 'कै.'चं 'श्री.' करायचं आणि 'तेरवीचा'च्या जागी 'अश्विनीच्या साक्षगंधाचा' आणायचं. एवढ्यात सासूबाईंनी गरम भज्यांची ताटली समोर ठेवली. एका हातात भजं, दुसऱ्या हाताने टायपिंग! दोन्ही रिप्लेस लिहिले आणि प्रोग्राम चालवला. पहिला संदेश उघडून तपासलासुद्धा. 'आदरणीय गुलाबराव यांस' असं झोकात आलं होतं. राव लागलेला! आता आणखी काय बघायचं? मी बटण दाबलं आणि दुसरं भजं उचललं.

ते संपायच्या आत सासऱ्यांचा फोन वाजला. वरवट बकालचा त्यांचा चुलतभाऊ गुलाबराव.

"बोल गुलाब! उकंड बोलून राह्यलो."

पलीकडून अशी किंकाळी आली, की अंगणातली कोंबडी उडाली. फोन बंद!

"काय झालं बे याले?" सासरे फोनकडे बघत राहिले. तोवर प्रतीक्षाचा फोन वाजला. तिची मावशी रडत होती, आणि रडता रडता भांडतही होती.

"तेरवीले बलावता, अन् मौतीले काऊन नाई सांगतलं? आमी काय परके हावो?"

प्रतीक्षाने फोन ठेवला, माझ्या लॅपटॉपचं तोंड आपल्याकडे फिरवलं आणि मोठ्याने वाचलं. "आमचे परमपूज्य कै. उकंडराव यांच्या तेरवीचा कार्यक्रम येत्या रविवारी सकाळी वडनेर भोलजी येथे आहे!"

मी हातातलं भजं ताटलीत परत ठेवलं.

रिप्लेसचा स्वभाव मी नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. ते जुन्या मजकुराला हात लावत नाही. बदललेली नवी प्रत तयार करून तुमच्यापुढे धरतं. ती घेऊन ठेवायची असते. नाही घेतली, तर ती वाया जाते आणि जुना मजकूर जसाच्या तसा राहतो. नाव आणि गावाच्या वेळी मी ती प्रत घेतली होती. पुढच्या दोन वेळी माझ्या हातात भजं होतं!

"मी दुरुस्ती पाठवतो!" मी ओरडलो.

"खबरदार त्याले हात लावला तर!" प्रतीक्षाने लॅपटॉप पोटाशी धरला आणि स्वतः एकेकाला फोन लावायला बसली. "बाबा जित्ते हायेत, मामा! खरंच जित्ते हायेत!" पण विश्वास कोण ठेवतो? दुःखानं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं मामांनी उलट सगळ्यांना कळवलं!

संध्याकाळपर्यंत अंगण भरलं. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. म्हणून सोयरे घरून भाकरी आणि पिठलं बांधून आणतात, त्याला कडू घास म्हणतात. जो येईल तो डबा घेऊन! ओसरीवर डबे, पाटावर डबे, तुळशीच्या ओट्यावर डबे! खाटेवर बसलेले सासरे दिसले की प्रत्येक जण आधी दचकायचा, आणि मग भडकायचा.

"जित्ता हायेस, त तेरवीले काऊन बलावलं बे?" गुलाबराव कडाडले. "रस्ताभर रडत आलो मी!"

"मी नाई बलावलं! जवायानं बलावलं!"

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. जमीन दुभंगावी आणि लॅपटॉपसकट मला पोटात घ्यावं, असं वाटलं. पण खरी आफत पुढेच होती. फाटकापाशी जीप थांबली आणि तिच्यातून हिंमतराव आणि त्यांची आई झुंबरबाई उतरले. व्याह्यांनाही संदेश गेला होता! गेल्या माणसाच्या घरात वर्षभर शुभकार्य नाही, म्हणून ते साक्षगंध पुढे ढकलायचं सांगायलाच आले होते.

सासरे धावत सामोरे गेले. "हिंमतराव, मी धडधाकट हावो! पाहा!"

हिंमतरावांनी त्यांना चाचपून बघितलं आणि हसून मिठी मारली. माझ्या जिवात जीव आला. पण झुंबरबाई हसल्या नाहीत. त्या डब्यांकडे बघत होत्या.

"हा कडू घास हाय ना?"

"हाव, आजी. पण चुकीनं आला!" मी म्हणालो.

"कसाबी येवो. घरात शिरला ना? तो तेरवी झाल्याबिगर निघत नाई. तोवर माह्या नातवाचं शुभ काम या घरात होनार नाई."

"पण आजी, तेरवी कोणाची? माणूस तर जिवंत आहे!"

"मंग वरीसभर थांबा." झुंबरबाईंनी पदर सावरला आणि विषय संपवला.

दारामागून हुंदका आला. अश्विनी होती. तिच्या त्या आवाजानं माझ्या काळजाचं पाणी झालं. एका भज्यापायी मी या पोरीचा संसार सुरू होण्याआधीच उधळला होता! मला रडूच आलं, पण तिथे रडायचा हक्क सगळ्यांना होता, फक्त मला नव्हता.

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी नीट केली.

"रविवारी सकाळी करा माही तेरवी," ते म्हणाले. "अन् दुपारी पोरीचं साक्षगंध. पुढं नाई ढकलायचं."

आणि रविवारी खरोखर उकंडरावांची तेरवी झाली! निमंत्रण सगळ्यांना आधीच पोचलेलं होतं. एकही सोयरा चुकला नाही. रिवाजाप्रमाणे गेलेल्या माणसाच्या नावाचं पान वाढून अंगणात ठेवायला निघाले, तर सासऱ्यांनी अडवलं.

"माह्याच नावाचं हाय ना? आना इकडं!"

ते पंगतीत बसले आणि स्वतःचं पान स्वतः जेवू लागले. दुपारी त्याच मांडवात अश्विनी आणि जीवन शेजारी शेजारी बसले, कुंकू लागलं, नारळ दिला गेला. अश्विनी पुन्हा हसताना दिसली आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. तेवढ्यापुरतंच, कारण साक्षगंधाच्या पंगतीत जावयाला पाट मिळतो, मला वरणाची बादली मिळाली होती.

वाढत वाढत सासऱ्यांपाशी आलो. ते शेजारी बसलेल्या झुंबरबाईंना काळजीनं विचारत होते, "आजी, मी खराच मेलो, त हे परत करा लागन काय?"

"हाव, लागन ना!" झुंबरबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "आजची त तुमच्या जवायाची झाली. तुमची राह्यलीच हाय!"

पंगतभर हशा पिकला. मी सासऱ्यांच्या भातावर वरण वाढलं आणि पुढे सरकलो. म्हातारीचं म्हणणं मला अगदी पटलं होतं.