वाघ, बांधलेली शेळी आणि देणाऱ्याचं नाव

एका जंगलात एक वाघ राहत असे. त्याचं नाव ढाणोजी. बाळांनो, वाघ म्हटलं की तुम्ही लगेच पांघरूण डोक्यावर ओढता. पण ढाणोजीला एवढं भिण्याचं कारण नाही. त्याचे दात हलत होते, गुडघे धरले होते आणि पळणाऱ्या हरणाकडे तो हल्ली नुसता बघत बसे.

म्हातारा झाला तरी वाघ घरंदाज होता. त्याच्या घराण्यात एक रीत होती. पहिला घास घेण्याआधी देणाऱ्याचं नाव घ्यायचं. शिकार स्वतः केली तर स्वतःचं, वाघिणीने आणली तर वाघिणीचं. नाव न घेता खाल्लेलं अंगी लागत नाही, असं त्याचे पणजोबा सांगून गेले होते. ते खूप खाऊन खूप वर्षं जगले, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

एके दिवशी उन्हं कलताना ढाणोजीने करवंदीच्या जाळीतून बाहेर डोकावलं आणि तो बघतच राहिला. समोरच्या मोकळ्या जागेत एक खुंटा होता. खुंट्याला दोर होता. दोराला शेळी होती. चांगली भरलेली, आणि पळायचं नाव नाही.

ढाणोजीच्या तोंडाला पाणी सुटलं. तेवढ्यात त्याला रीत आठवली. ही दिली कुणी?

शेळीचं नाव बांडी. तिला या प्रश्नाशी काही देणंघेणं नव्हतं. घरी तिचं करडू होतं, अजून अंगावर पिणारं. संध्याकाळ होत आली तशी तिची कास ठणकू लागली होती. तिला घरी जायचं होतं, बस्स. दोर अंबाडीचा होता. तिने तो तोंडात धरला आणि चावायला लागली. चव अगदीच वाईट नव्हती.

इकडे ढाणोजीने जंगलातले विद्वान जाळीत बोलावून घेतले. एक अस्वलशास्त्री, दुसरे साळिंदरपंत. कारभारी कोल्हा न बोलावताच आला, कारण जेवणाची गोष्ट होती.

"शेळी आहे, ती दिसतेय," ढाणोजी म्हणाला. "तिचा देणारा आहे का, तेवढं ठरवा. असेल तर नाव सांगा. लवकर करा, पोटात कावळे ओरडताहेत."

अस्वलशास्त्र्यांनी घसा साफ केला. "महाराज, दोराला गाठ आहे. गाठ आपोआप बसत नाही. तेव्हा गाठ मारणारा आहे. बरं, खुंटा नेमका आपल्याच जाळीसमोर. म्हणजे तो नुसता आहे असं नाही, वाघांवर त्याची माया आहे."

ढाणोजीला भरून आलं.

"गुळवेल पाहिलीत कधी?" साळिंदरपंत काटे फुलवून म्हणाले. "झाडाला वेढे घालते, गाठी मारते. तिला कोण शिकवायला येतं? आणि शेळीला कुणी बांधलं असेल, तर त्या बांधणाऱ्याला कुणी बांधलं?"

"त्याला कुणी बांधत नाही."

"मग शेळीलाच बांधणारा कशाला हवा? आणि एवढी माया होती, तर महाराज इतके दिवस उपाशी का?"

"भुकेची गोडी कळावी म्हणून," शास्त्री म्हणाले.

"मला नाही बुवा कळली," ढाणोजी म्हणाला.

शास्त्र्यांनी मग ठेवणीतला मुद्दा काढला. "महाराज, ज्याच्याहून थोर कुणी नाही असा देणारा मनात आणा. आणलात? आता तो नसेलच तर देणार कसा? आणि देणार नसेल तर थोर कसला? म्हणजे तो असलाच पाहिजे."

"मी मनात ज्यांच्याहून लठ्ठ कुणी नाही अशा दोन शेळ्या आणल्या," साळिंदरपंत म्हणाले. "कुठे आहेत त्या?"

ढाणोजीने मान लांबवून खुंट्याच्या मागे पाहिलं. शेळी एकच होती.

हे सगळं बांडीला ऐकू येत होतं. ती बिचारी साधी. तिला वाटलं, खरं काय ते सांगितलं की वाघ घाबरून निघून जाईल.

"अहो, मला विचारा ना," ती म्हणाली. "मी त्याला ओळखते. त्याचं नाव गोमाजी. इथेच माझ्या डोक्यावर, ऐनाच्या झाडावर मचाण बांधून बसलाय. हातात बंदूक आहे. विडी ओढतो, खोकतो आणि बायकोला भितो."

शास्त्र्यांनी कानांवर पंजे ठेवले. "विडी? देणारा विडी ओढतो? पाखंड आहे हे."

"आम्ही डोळ्यांनी पाहिला म्हणणारे पुष्कळ भेटतात," साळिंदरपंत हसले. "अशांची साक्ष आम्ही धरत नाही."

दोघांचं तेवढ्यापुरतं एकमत झालं. शेळी अडाणी आहे. ढाणोजीने वर पाहिलं असतं तर मचाण दिसलं असतं. पण वर बघणं हे माकडांचं काम, असंही पणजोबा सांगून गेले होते.

गोमाजीला काय ऐकू आलं? खालून नुसतं बें बें. जाळीतून मात्र वाघाची गुरगुर, अस्वलाची घुरघुर आणि काट्यांचा खडखडाट, सगळं एकदम. त्याने फांदीला मिठी मारली, डोळे मिटले आणि म्हणाला, "म्हसोबा, मला वाचीव रं बाबा."

बांडीने ते ऐकलं. म्हणजे वरच्यालाही वरचा लागतो, असं तिच्या मनात आलं. पण ते तिने बोलून दाखवलं नाही. दोर अजून निम्मा चावायचा होता.

इतक्यात कोल्ह्याने घोटाळा केला. त्याला उरलंसुरलं खायचं होतं आणि अंधार पडत चालला होता.

"महाराज, 'जो कुणी असेल त्याच्या नावाने' असं म्हणा आणि बसा जेवायला. तो असला तर खूश होईल. नसला तर आपलं काय जातंय?"

"हे आधी का नाही सुचलं?" म्हणत ढाणोजी उठला. जाळीतून त्याचं डोकं बाहेर आलं. मग खांदा आला. बांडी भ्याली. तिने दोराला हिसका दिला, पण तो तुटला नाही. दोराचा एकच पदर राहिला होता. पण तिला करडू आठवलं, आणि भीतीपेक्षा ते मोठं होतं.

"महाराज, 'त्याच्या' म्हणू नका," ती म्हणाली. "पाप लागेल. मला इथे बांधताना माझे कान धरणारी वेगळी होती आणि गाठ मारणारा वेगळा. ते दोघं आहेत."

ढाणोजी थबकला.

"दोघं आहेत," कोल्हा हळूच म्हणाला. "मला कधीपासून तसं वाटतच होतं."

"तो एकच आहे," अस्वलशास्त्री गरजले. मघाशी देणारा नाहीच म्हणणाऱ्याशी ते गोड बोलत होते. दोघं म्हणणाऱ्याचं मात्र त्यांनी शेपूटच धरलं. कोल्ह्याने त्यांचा कान धरला. ढाणोजी सोडवायला मागे वळला आणि त्यालाही दोन लागल्या.

"पंत, तुम्ही निवाडा करा," शास्त्री धापा टाकत म्हणाले. "देणारा नाही असं तुम्ही म्हणता. पण जो नाही, तो एकच नाही ना?"

"दोघं नाहीत म्हणा पंत," कोल्हा ओरडला.

साळिंदरपंत पहिल्यांदाच विचारात पडले.

तेवढ्यात दोर तुटला. बांडी निघाली ती थेट घरी. करडू ढुशा देत प्यायलं आणि तिची कास हलकी झाली. तिला फार बरं वाटलं.

गोमाजी सकाळी घरी आला. बांडीला गोठ्यात बघून त्याने हात जोडले.

"वाघाच्या तोंडातून आली. हिला द्येवानंच वाचीवली," तो बायकोला म्हणाला. "म्हंजी ही आता द्येवाची. येत्या जत्रंला देऊन टाकू त्याला."

आणि त्याने बांडीला नव्या दोराने बांधलं.

त्याच्या बायकोचं नाव तान्ही. ती चुलीपाशी होती. ती म्हणाली, "द्यायचीच हाय. पर कोन्च्या द्येवाला?"

"म्हसोबाला. म्या झाडावरनं त्यालाच हाक मारली."

"आन् म्या हितं रातभर माझ्या म्हायेरच्या वाघजाईला गाऱ्हानं घातलं, ते काय वाऱ्यावर गेलं व्हय?"

गोमाजी म्हसोबा म्हणाला. तान्ही वाघजाई म्हणाली. तो पुन्हा म्हणाला, तीही पुन्हा म्हणाली. शेजारपाजारचे जमले आणि ते दोन्ही बाजूंनी बोलायला लागले.

बांडीने करडाला जवळ ओढलं आणि नवा दोर तोंडात धरला. हा जरा जाड होता. पण तिला घाई नव्हती.

तात्पर्य: बाळांनो, भांडू नये, एकोप्याने राहावं, असं तुम्हांला शाळेत शिकवतात. शिकवू द्या. पण थोरामोठ्यांचा देवाविषयी वाद चालला असेल तर तो मिटवायला जाऊ नका. त्यांचं एकमत झालं की ते जेवायला बसतात.