आत-बाशीच्या मधावरील डांबरगोळीचे बालंट

जगदीशें मनुष्यास बुद्धी दिधली, आणि बुद्धी पुरेना तेव्हा यंत्र दिधले. ऐसे जे बिनचूक, अढळ, कोणाची भीड न धरणारे वायुयंत्र, त्याचा नारीन शहराच्या मधतपासणी कचेरीत त्रिकालाबाधित लौकिक जाहला. यंत्र येऊन नऊ दिवस जाहले होते.

कचेरीचे मुख्य राजमान्य राजेश्री जाकिपबेक साहेब मोठे खबरदार. नव्या यंत्रास दृष्ट लागों नये म्हणोन नित्य सकाळी आर्चा नामे सुवासिक डोंगरी झुडपाची धुरी देत, आणि मग यंत्र चालवीत. यंत्राची रीत ऐसी जे, नमुना द्रावकात घोळवोन, तापवोन वायुरूपे केसाएवढ्या नळीत सोडावा, आणि एकेक द्रव्य आपापल्या वेळेस पैलतीरी निघावे, आणि वेळ पाहोन साहेबीं त्याचे नाव लिहावे.

तों आत-बाशीचे मधपाळ ओरोजाली आबा सालभराचा पांढरा मध, चाळीस पिंपे, घेऊन हजर जाहले. घरच्या बरणीतून आणिलेला नमुना चढविला, आणि ऐन अकराव्या मिनिटास कागदावर शिखर उठले. अकरावे मिनिट म्हणजे डांबरगोळीचे! पोळ्यांतली अळी मारावयास कोणी दुष्ट ह्या गोळ्या ठेवितात, सबब साहेबीं फर्माविले जे, चाळीसही पिंपे सूर्यास्तापूर्वी खड्ड्यात पुरावी, आणि आबांचे नाव मधपाळांच्या दप्तरातून खारीज करावे.

आबांचा चेहरा मेणासारखा जाहला. खिशातून गोळी काढोन म्हणाले, “ही बघा, गोळी माझ्या कोटात असते! पोळ्यात कशाला ठेवू? माश्या काय लोकरीच्या आहेत?”

तेव्हा कचेरीतील वडील रसायनकर्त्या बुरुलचा नामे एजे, म्हणजे थोरल्या ताई, तेवीस वर्षे नळ्या धुवोन मुरलेल्या, मैदानात उतरल्या.

“साहेब, वेळ जुळली म्हणजे माणूस पटला का? माझा नवरा सहाला दारात येतो, पोस्टमनही सहालाच. उद्या पोस्टमनला जेवायला वाढू?”

“एजे, यंत्र खोटं बोलत नाही.”

“यंत्र वेळ सांगतं. नाव तुम्ही लिहिलंत.”

मग एजेंनी मध वगळोन निव्वळ द्रावकच नळीत सोडिले, आणि काय नवल! अकराव्या मिनिटास तेच शिखर, तोच डौल. साहेब थक्क. मग सीलबंद बाटलीतील ताजे द्रावक घेऊन मध पुनः चढविला, तों शिखर गडप. मग निराळ्या जातीची नळी बसविली, आणि जुने द्रावक व आबांची गोळी एकत्र सोडिली, तेव्हा दोघे सोबती फुटले. एक आधी निघाला, गोळी मागाहून. पहिल्याची जात शोधिली, तों आर्चाचे तेल! धुरी द्रावकाच्या उघड्या बाटलीत शिरली होती.

“म्हणजे धूर... माझा?”

“तुमचाच. यंत्राला दृष्ट लागली नाही, साहेब, मधाला लागली.”

येणेप्रमाणे ऑगस्टाचे बाविसावे तारखेस मोहीम फत्ते जाहली. फर्मान रद्द, मध निर्दोष, चाळीस पिंपांवर मोहर; आणि ऐसा कायदा जाहला जे, कोऱ्या द्रावकाची परीक्षा आधी आणि दुसऱ्या नळीची साक्ष मागाहून घेतल्यावांचोन कोणाचे नाव लिहू नये, आणि धुरी अंगणात द्यावी. विजयोत्सव म्हणोन बरणीत उरला नमुना सकळ कचेरीने चहा-नानसंगे फस्त केला.

आबांनी मोहरेचा कागद छातीशी धरिला, डोळे पुसले, आणि दारात अडखळोन मागे वळले.

“खाल्लात ते बरं केलंत. पण बरणी तेवढी द्या, नाहीतर बायको मला घरात घ्यायची नाही. झाकणासकट.”