नानामामांचा कुपा

नानामामा रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून मासेमारीचा सराव करत. पोलादपूरच्या डोंगरात समुद्र कुठला? म्हणून ते दोरीचं टोक रेडकाच्या गळ्यात बांधत, गळाची विलायती काठी पोटाशी रोवत आणि मामीला रेडकू हाकलायला सांगत. रेडकू शेताकडे उधळलं की काठीवरच्या चाकातून दोरी सूं करत सुटे आणि मामा स्वतःलाच बजावत, "लूज सोड, लूज. आता टाईट." बांधावरून जाणारे हटकून विचारत, "नाना, आज किती शेराचा लागला?" मामा गंभीरपणे वजन सांगत.

काठी साहेबांची होती. मुंबईत मामा बारा वर्षं एका गोऱ्या साहेबाच्या बोटीवर कामाला होते. गळाला आमिष लावायचं, दोरी सोडायची, काठी धरून तासन्‌तास बसायचं आणि मासा लागला की काठी साहेबांच्या हातात द्यायची, एवढं त्यांचं काम. स्वातंत्र्य आलं, साहेब मायदेशी गेले आणि जाताना काठी मामांना देऊन गेले. तेव्हापासून मामांना एकच ध्यास होता: खोल समुद्रातला एक कुपा मासा आपल्या हाताने ओढायचा. खायला नव्हे. मासे खाल्ले की त्यांच्या अंगावर पित्त उठे.

दरवर्षी दिवाळीनंतर ते दासगावहून लाँचने बाणकोटला जात आणि हसनभाईंचा इंजिनाचा मचवा एका दिवसासाठी ठरवत. त्या वर्षी मी कॉलेजच्या सुट्टीत आजोळी आले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. मामी म्हणाली, यंदा ह्यांचा खांदा धरलाय, ही शेवटची खेप, तू सोबत जा. नकार द्यायला बरंच बोलावं लागलं असतं, म्हणून मी गेले.

पहाटे निघालो. किनारा हळूहळू पुसून गेला. मग काहीच झालं नाही. इतकं काहीच न होणं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मचवा रेंगाळत होता, मागे दोरी आणि दोरीच्या मागे पाणी. मामा दर अर्ध्या तासाने "साहेबांच्या टायमाला" अशी सुरुवात करून साहेब किती वेळ गप्प बसू शकत, याविषयी सविस्तर बोलत. दुपारी आम्ही तांदळाची भाकरी आणि चटणी खाल्ली. मग मामा काठी धरूनच पेंगले.

सुकाणूपाशी बसलेले हसनभाई तेव्हा हळू आवाजात मला म्हणाले की मासा दरवर्षी लागतो. पण लागला की नाना काठी त्यांच्या हातात देतात. देताना त्यांना कळतही नाही. मासा जाईल म्हणून हसनभाई घेतात, आणि मग नाना किनाऱ्याला लागेपर्यंत तोंड पाडून बसतात.

"बारा वर्सांची सवय हाय, बाय," हसनभाई म्हणाले. "हात ऐकत नाय."

ऊन कलायला लागलं आणि चाक एकदम किंचाळलं. मामा ताडकन उठले, वळले आणि "साहेब, घ्या" म्हणत त्यांनी वाकलेली काठी माझ्यापुढे केली.

मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नाही, मामा. तुम्हीच."

हसनभाईंनी घाईघाईने तोंड फिरवलं आणि क्षितिजावर काहीतरी महत्त्वाचं शोधू लागले. मामा माझ्याकडे पाहत राहिले. काठी घ्यायला कोणीच नव्हतं आणि दोरी भराभर संपत होती. मग त्यांनी काठी पोटाशी ओढून घेतली.

पुढचा अर्धा तास ते दोरी सोडत आणि ओढत राहिले. शेवटी हसनभाईंनी आकडा घालून कुपा आत घेतला. काळ्यानिळ्या पाठीचा, चांदीच्या पोटाचा, कळशीएवढा जाड.

मामा त्याच्याशेजारी बसले. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी ओंजळीने माशावर थोडं पाणी घातलं.

"साहेब कधी म्हनले नाय, तूच धर काठी म्हनून," ते म्हणाले. "मीबी कधी मागितली नाय."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"मागितली असती तर दिली असती गो त्यांनी."