जमेच्या बाजूला झोप

शुक्रवारी सकाळी समीक्षकांनी वर्तमानपत्र उघडलं, स्वतःचं परीक्षण वाचायला घेतलं आणि हातातला कप बशीऐवजी चष्म्याच्या डबीवर ठेवला. चहा सांडला. तो तसाच वाहू देऊन त्यांनी खालची चौकट पुन्हा एकदा वाचली.

बावीस वर्षं ते दर शुक्रवारी चित्रपटाचं परीक्षण लिहीत होते. वरचा मजकूर कितीही लांबला तरी खाली दोन रकान्यांची चौकट असायचीच. डावीकडे 'जमेच्या बाजू', उजवीकडे 'उणिवा'. लोक वरचं सगळं सोडून थेट चौकटीवर उडी मारतात हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांचं जुनं दुखणं होतं.

या वेळचा चित्रपट सहकुटुंब बघण्याचा, अद्भुत साहसाचा होता. आजोबांचा आवाज हरवतो आणि आई, बाबा, ताई, धाकटी असं अख्खं घर एका उडत्या कासवावर बसून तो शोधायला ढगांपलीकडच्या बेटावर निघतं. कासव उडतं, पण कासवाच्याच वेगाने. समीक्षकांना चित्रपट निम्मा आवडला होता, निम्मा नव्हता, आणि तसं त्यांनी दोन रकान्यांत नीट वाटून दिलं होतं.

छापून आलं होतं ते असं. जमेच्या बाजू: 'पहिल्या अर्ध्या तासात थिएटरमधली निम्मी मुलं गाढ झोपतात. राक्षस इतका मवाळ, की त्याला कुणीही घाबरत नाही. मधेच उठून चहा पिऊन आलं तरी कासव तिथेच असतं.' उणिवा: 'गाणी आठवडाभर डोक्यातून जात नाहीत. उड्डाण इतकं खरं वाटतं, की मुलं घरी येऊन सोफ्यावरून उड्या मारतील. पडद्यावरची आई ओरडते, तेव्हा आपलीच आई ओरडल्यासारखं वाटतं.'

समीक्षकांनी ऑफिसात फोन लावला. नेहमी पान लावणाऱ्या बाई रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी छोट्या जाहिरातींचं पान लावणारे गृहस्थ बसले होते. त्यांनी चूक नाकारली नाही. उलट ती आपण विचारपूर्वक केली असं सांगितलं.

"गाणी आठवडाभर डोक्यातून जात नाहीत, हे चांगलं कसं असेल, साहेब? मला तीन मुलं आहेत. मला वाटलं तुमच्याच हातून घाईत उलटसुलट झालं, म्हणून मी मथळे सरळ केले."

समीक्षकांनी संपादकांना गाठलं. शनिवारच्या अंकात दुरुस्ती जाईल, असं संपादकांनी कबूल केलं. प्रकरण तिथेच मिटायचं. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जुळ्यांच्या आईने तोवर चौकट वाचली होती. तिची चार वर्षांची जुळी दुपारी झोपत नसत, आणि झोपलीच तर आळीपाळीने. ती दोघांना घेऊन दुपारच्या खेळाला गेली. कासव जमिनीवरून पुरतं उठायच्या आत दोन्ही पोरं आडवी झाली आणि तिसरी ती. ही वार्ता तिने शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर टाकली. शनिवारी सकाळी थिएटरबाहेर उशा घेतलेल्या आईबापांची रांग लागली होती.

त्या रांगेतच लोकांनी दुरुस्ती वाचली. मुलं झोपतात हे आता उणिवांत गेलं होतं. संध्याकाळपर्यंत संपादकांकडे चाळीस ईमेल आले. समीक्षकांना मूलबाळ आहे का, नसल्यास त्यांना असल्या चित्रपटांना पाठवतंच कोण, असा साधारण सूर होता. एका बापाने लिहिलं होतं, की अडीच वर्षांत आपण पहिल्यांदा सलग दोन तास झोपलो आणि हा माणूस त्याला उणीव म्हणतो.

सोमवारी चित्रपटाची दिग्दर्शिका स्वतः ऑफिसात आली. समीक्षकांनी बावीस वर्षांत बरेच संतापलेले दिग्दर्शक पाहिले होते, त्यामुळे त्यांनी आधी टेबलावरचा पेपरवेट ड्रॉवरमध्ये टाकला. पण ही बाई शांतपणे खुर्चीत बसली आणि पर्समधून दोन कात्रणं काढून तिने शेजारीशेजारी ठेवली.

"यातलं खरं कुठलं?" तिने विचारलं. "शुक्रवारचं की शनिवारचं?"

समीक्षक काही बोलायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. तिची मुलगी पहिली तीन वर्षं झोपलीच नव्हती. तिला थोपटताना रोज रात्री सांगितलेली, मुद्दाम संथ केलेली गोष्ट म्हणजे हा चित्रपट. गाणी आणि उड्डाणाची करामत निर्मात्याने गळ्यात मारली होती. बाकीच्या सगळ्या समीक्षकांनी नेमकी त्यांचीच स्तुती केली होती.

"शुक्रवारी वाटलं, एका माणसाला तरी कळलं. कात्रण मी आईलाही पाठवलं." तिने शनिवारचं कात्रण पुढे सरकवलं. "शनिवारी तिने मला फोनच केला नाही."

समीक्षकांनी आयुष्यात आपलं मत कधी फिरवलं नव्हतं. निर्मात्यांनी धमक्या दिल्या, नट घरी येऊन रडले, तरी नाही. त्यांनी दोन्ही कात्रणांकडे पाहिलं, चष्मा पुसला, परत लावला.

"शुक्रवारचं," ते म्हणाले. "शनिवारी पान लावताना घोळ झाला."

मंगळवारी दुरुस्तीची दुरुस्ती छापून आली. छोट्या जाहिरातींच्या गृहस्थांनी ती न सांगता मोठ्या टायपात लावली. समीक्षकांना मात्र चैन पडेना. खोटं बोललो, हे मनात सलत होतं. निदान आता तरी ते खरं आहे का पाहावं, म्हणून बुधवारी दुपारी ते पदरच्या पैशाने तिकीट काढून पुन्हा गेले. सोबत बायकोला नेलं, कारण तिच्या मतावर त्यांचा भरवसा होता. बावीस वर्षांत तिने त्यांचं एकही परीक्षण पूर्ण वाचलेलं नव्हतं. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, समोर कासवाने पंख पसरायला सुरुवात केली.

दिवे लागले तेव्हा आजूबाजूची मंडळी डोळे चोळत मुलांचे बूट शोधत होती. वही खाली पडली होती. पानावर एक रेघ ओढलेली होती, ती शेवटाकडे घसरत जाऊन सदऱ्यावर संपली होती. बायको ताठ बसून डोळे टिपत होती.

"आजोबांचा आवाज मिळाला का?" समीक्षकांनी हळूच विचारलं.

"मिळाला. फार छान आहे हो सिनेमा. काहीच नावं ठेवायला जागा नाही."

"काहीच नाही?"

तिने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि थोडा विचार केला.

"शेवटी आजोबा पहिला शब्द बोलतात ना, तो तेवढा मला ऐकू आला नाही. तुम्ही घोरत होतात."