खिडकीजवळची बाई

"आजोबा, ती पेन्सिल आधी खाली ठेवा!"

रखवालदाराचा आवाज दालनात घुमला आणि दिग्दर्शकांच्या हातची रेघ सटकली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. भिंतींवर त्यांनी रंगवलेली पोस्टरं होती, पोशाखांची रेखाटनं होती, चित्रीकरणाआधी प्रत्येक दृश्य कागदावर काढायची सवय असल्यामुळे तीही चित्रं होती. फक्त एका चित्राला काच बसायची राहिली होती आणि दिग्दर्शक नेमके त्यातच काहीतरी गिरवत होते.

"अहो, चित्र माझंच आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

रखवालदार नुकताच नोकरीला लागला होता. त्याला कुणी आठवेना. त्यानं दारातल्या भल्यामोठ्या फोटोकडे बोट दाखवलं. "दिग्दर्शक ते. त्यांना केस आहेत."

"मलाही होते."

"आणि दाढी?"

"बायकोनं काढायला लावली."

"मग बोलवतो बायकोला."

बायको खाली बाकावर गुडघे चोळत बसली होती. लिफ्टमध्ये खोकी भरलेली, म्हणून बिचारी कठडा धरून जिना चढली. गडबड ऐकून संग्रहालयाच्या संचालिकाही धावत आल्या आणि चित्र बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "सर! हे काय केलंत? हे चित्र छापून गेलंय पुस्तिकेत!"

'सर' ऐकून रखवालदाराला घाम फुटला. तरी त्यानं खातरजमा सोडली नाही. "आजी, ओळखता ना यांना?"

आजींचं लक्ष चित्राकडे होतं. खिडकीशी एक तरुण बाई कुणाची तरी वाट बघत उभी होती. हे चित्र काढलं त्या दिवशी नटी आली नव्हती, म्हणून दिग्दर्शकांनी बायकोलाच दुपारभर उभं केलं होतं. थोरला तेव्हा पोटात होता. आता त्या बाईच्या मागे एक स्टूल आलं होतं. तीन पाय सरळ, चौथा मात्र थेट चौकटीपर्यंत पळालेला.

"नाही बाबा," आजी म्हणाल्या. "आमचे हे कधी कुणाला बस म्हणत नाहीत."

दिग्दर्शकांनी मान खाली घातली. "आत्ता चित्र बघताना लक्षात आलं. तुझे पाय सुजले असतील गं तेव्हा."

"चपलेत जाईनात."

"मग बोलली का नाहीस?"

"इतकं छान काढत होतात. मोडवेना."

मग संचालिका घसा खाकरून म्हणाल्या, "पेन्सिलच आहे. हलक्या हातानं खोडता येईल. सिनेमात त्या बाई उभ्याच आहेत ना, सर?"

"हो," दिग्दर्शक पुटपुटले. "उभीच आहे."

संचालिका पुढे सरसावल्या, तशा आजी चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सिनेमा कधीच संपला," त्या म्हणाल्या. "आता बसू द्या तिला."